नाणेघाटात राणीचं नाव आधी

जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट नाणेघाटाच्या माथ्याला लागते. त्यामुळे पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी उलट्या धबधब्याच्या रीलसाठी तिथं जत्रा भरते. त्या दोन दिवसांबद्दल एवढंच: जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीतला मधला वार बरा. कोकणातून चढायचं तर कल्याण-माळशेज रस्त्यावर वैशाखरे गाव सोडल्यावर पायवाट लागते. वर यायला अडीच-तीन तास, शेवटी दगडी पायऱ्या.

माथ्यावरच्या दगडी रांजणापाशी फोटो काढायला रांग लागते, लेण्यात मात्र मंडळी डबा खायला बसतात. ज्या भिंतीला पाठ टेकलेली असते, त्याच भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा कोरलेला लेख असतो! डाव्या आणि उजव्या भिंतीवर मिळून 20 ओळी, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. टॉर्च समोरून मारला की अक्षरं सपाट होतात. तो भिंतीलगत आडवा धरायचा, म्हणजे खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. खडू, पाणी, ओला रुमाल यातलं काहीही भिंतीला लावायचं नाही.

लिपी येत नसेल तर आकड्यांपासून सुरुवात करा. लेखात यज्ञांची दक्षिणा मांडली आहे: कुठे 12 गायी आणि 1 घोडा, कुठे 1,700 गायी आणि 10 हत्ती. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. 1,700 लिहायला हजाराचं चिन्ह, आणि पुढे शंभराच्या चिन्हाला जोडलेला सात. जोडाक्षरासारखाच प्रकार. 1 आणि 2 मात्र नुसत्या आडव्या रेघा, त्या लगेच ओळखू येतात.

मोठ्या लेखात राणीच्या नावाची जागा फुटली आहे. उरलंय ते वर्णन: महारठीची, म्हणजे मोठ्या सरदाराची मुलगी, वेदिसिरीची आई, महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसी झालेली. मग हे नागनिकेचं कशावरून? त्यासाठी मागच्या भिंतीकडे वळावं लागतं. तिथं राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात, पण वरची बरीचशी नावं शाबूत आहेत. पहिलं सिमुक सातवाहनाचं. त्याच्या शेजारी ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’. म्हणजे देवी नागनिकेची आणि राजा श्री सातकर्णीची. आधी ती, मग तो! अश्वमेध करणाऱ्या राजाचं नाव बायकोच्या नावामागे, आणि आपण मात्र हे लेणं ‘सातवाहन राजांचं’ म्हणून दाखवत फिरतो. मला याचा रागच येतो.

ही नावं डोक्याच्या वर आहेत, नुसत्या मोबाईलच्या उजेडात नीट लागत नाहीत. लांब झोताचा टॉर्च न्या. लेण्याचं तोंड कोकणाकडे आहे, त्यामुळे दुपारी चारनंतर ऊन आत येतं. तेव्हा थोडा वेळ टॉर्चही लागत नाही.