आमची वाटचाल: भाड्यातला जो भाग आमचा नव्हता

सुरुवातीला आम्ही दोघे भाऊ होतो आणि सहा बिऱ्हाडांची एक जुनी इमारत होती. कर्जाचा हप्ता, कर, विमा आणि किरकोळ डागडुजी वजा जाता भाड्याच्या दर शंभरातले तीस हातात उरायचे. हाच आपला नफा, असं पहिली तीन वर्षं आम्ही मनापासून मानलं आणि तो सगळा दुसऱ्या इमारतीच्या बयाण्यात घातला.

चौथ्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या ताईंनी छतावरचा ओला डाग दाखवला. आम्ही भेग बुजवून वर रंग मारला. पुढच्या पावसात तिथलाच गिलावा सुटून खाली पडला आणि आतली गंजलेली सळई उघडी पडली. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतं आणि काँक्रीट आतून फोडतं, हे ठेकेदाराने त्या दिवशी समजावलं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं आयुष्य केव्हाच संपलं होतं. वेळेवर केलं असतं तर नुसता थर बदलून भागलं असतं. आता सळया साफ करा, स्लॅब दुरुस्त करा आणि मग वॉटरप्रूफिंग. अंदाजपत्रक आमच्या दोन वर्षांच्या नफ्याहून मोठं निघालं. पैसे बयाण्यात अडकलेले, म्हणून चढ्या व्याजाने कर्ज काढलं. दोन बिऱ्हाडं तीन महिने रिकामी राहिली. त्या ताई घर सोडून गेल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांनी वेळेत सांगितलं होतं.

एका रात्री भाऊ हिशेबाची वही घेऊन बसला आणि म्हणाला, "दादा, गच्ची दर महिन्याला थोडी थोडी संपत होती. तिचे पैसे आपण नफा म्हणून मोजले."

तिथून आमची झिजेची वही सुरू झाली. इमारतीत जे जे एक दिवस बदलावं लागणार, त्याला एकेक ओळ: गच्ची, बाहेरचा रंग, पंप, गीझर, वायरिंग, ड्रेनेजच्या लाइनी, लिफ्ट. प्रत्येकासमोर बसवल्याचं वर्ष, राहिलेलं आयुष्य आणि बदलायचा खर्च. आम्ही बाहेरच्या रंगाला 5 ते 7 वर्षं धरतो, गीझरला 10, वॉटरप्रूफिंगला 10, लिफ्टला 20 ते 25. खर्चाला राहिलेल्या महिन्यांनी भागायचं, की त्या वस्तूचा महिन्याचा हप्ता मिळतो. बँकेचा हप्ता चुकवत नाही तसा हाही चुकवायचा नाही.

यात एक मोठी चूक आम्ही वर्षभर करत राहिलो. खर्च आजच्या भावाने धरला. महागाई वर्षाला 6 टक्के असेल तर आज शंभरात होणारं काम दहा वर्षांनी जवळपास 179 ला जातं. म्हणून वहीत आता काम ज्या वर्षी निघणार, त्या वर्षीचा आकडा लिहितो.

भाड्याच्या दहा टक्के बाजूला ठेवा, असा सल्ला बरेच जण देतात. काहीच न ठेवण्यापेक्षा ते बरं, पण मला तो पटत नाही. भाडं कमी असलेल्या इमारतीची गच्ची काही स्वस्तात होत नाही. दोन सारख्याच इमारतींत एकीचं भाडं निम्मं असेल तर तिथे दहा टक्क्यांत काहीच भागत नाही.

वहीचा खरा उपयोग खरेदीच्या वेळी कळला. दहा वर्षं टिकणाऱ्या गच्चीची सात वर्षं सरली असतील तर त्या सात वर्षांचे हप्ते कुणीच भरलेले नसतात. ते थकलेलं देणं इमारतीबरोबर आपल्या गळ्यात येतं. शंभराचं दहा वर्षांनी 179 होणाऱ्या त्याच कामासाठी पहिल्या दिवसापासून महिन्याला दीड पुरला असता; तीन वर्षं उरली असतील तर जवळपास पाच लागतात. म्हणून आता जागा बघायला जाताना प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन सोबत असतात. एखादी वस्तू कधी बसवली ते विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर तिचं आयुष्य संपलं असं धरतो आणि सगळी थकबाकी मागितलेल्या किमतीतून वजा करून बोलतो. अशाने तीन व्यवहार मोडले. त्यातल्या एका इमारतीत लिफ्ट, वायरिंग आणि ड्रेनेज एकाच वयाचे होते, म्हणजे तिन्ही खर्च एकाच सुमारास अंगावर आले असते. ती सोडल्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

हप्त्यांचं खातं वेगळं आहे आणि त्यातून पैसे काढायला दोघांच्याही सह्या लागतात. भाडेकरूंची अनामत त्यात मिसळत नाही. ती त्यांची आहे, परत द्यायची आहे.

यंदा पहिल्या इमारतीच्या ड्रेनेजच्या उभ्या लाइनी बदलल्या. एका वेळी एकच लाइन घेतली, त्यामुळे कुणालाही घर सोडावं लागलं नाही. पैसे खात्यातले होते. काम झाल्यावर भावाने वहीत त्या ओळीसमोर नवं वर्ष लिहिलं. पुढच्या महिन्यापासून तिचा हप्ता पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.