ओकच्या पानावरची भुरी
ओकच्या कोवळ्या पानावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली, तेव्हा ती बोटाने पुसून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. भुकटी बोटाला लागली, खालचे पान हिरवे दिसले आणि हा रोग वरवरचाच असावा, असा माझा समज झाला. भिंगातून पाहिल्यावर मात्र पुसलेल्या जागी फिकट तपकिरी ठिपके स्पष्ट दिसत होते.

या भुरीला कारणीभूत असलेल्या मुख्य बुरशीचे नाव एरिसायफे अल्फिटॉइडीस. नावाच्या उत्तरार्धाचा अर्थच ‘पिठासारखी’ असा आहे. युरोपात तिची साथ 1907 च्या सुमारास प्रथम फ्रान्समध्ये लक्षात आली आणि पुढच्या काही वर्षांत ती बहुतेक खंडभर पसरली.

तिचे तंतू पानाच्या पृष्ठभागावरच पसरतात, त्यामुळे माझा समज निम्मा तरी खरा होता. पण बीजाणू रुजल्यावर त्यातून निघालेला तंतू पानाला घट्ट चिकटतो, उपत्वचा (पानावरचा मेणचट पातळ थर) आणि पेशीभित्तिका भेदून बाह्यत्वचेच्या, म्हणजे पानाच्या सर्वांत वरच्या थराच्या, पेशीत शिरतो आणि तिथे शोषकांग, म्हणजे अन्न शोषून घेणारा अवयव, तयार करतो. विशेष म्हणजे पेशीचे पटल या वेळी फाटत नाही. ते आत दबून शोषकांगाभोवती वेष्टन धरते, आणि त्यामुळे पेशी जिवंत राहते. बुरशीला हवे असते तेही हेच, कारण मेलेल्या पेशीवर तिला जगता येत नाही. बाह्यत्वचेच्या बहुतेक पेशी स्वतः अन्न तयार करत नाहीत. ते काम खालच्या थरांतील हरितकणांनी भरलेल्या पेशी करतात आणि त्यांनी तयार केलेली शर्करा बाह्यत्वचेमार्फत बुरशीकडे वळते. म्हणजे बुरशी ज्या पेशींना स्पर्शही करत नाही, त्यांचेही उत्पन्न तिच्या पदरात पडते. मला या रोगातली सर्वांत धूर्त गोष्ट हीच वाटते.

पेशीही स्वस्थ बसत नाही. तंतू शिरू पाहतो त्या जागी ती आतून कॅलोज या शर्करेपासून बनलेल्या चिवट पदार्थाचा थर चढवते. हा अडथळा वेळेवर उभा राहिला तर बुरशी तिथेच अडते. नाही तर कालांतराने त्या भागातील पेशी मरतात आणि मला दिसले तसे तपकिरी ठिपके पडतात. पान वाढत असताना लागण झाली, तर ते नीट पसरत नाही, आक्रसते आणि वेडेवाकडे होते. रोगट पानात प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि असे पान लवकर गळते.

पक्व पानाची उपत्वचा जाड झालेली असते, त्यामुळे त्यावर बुरशीचे फारसे चालत नाही. बीजाणू रुजायला पाण्याचा थेंबही लागत नाही, दमट हवा पुरते. तरीही पान कोवळे असावे लागते. म्हणूनच वसंतात आलेली, आता जून झालेली पाने हिरवीगार असताना त्याच फांदीच्या टोकाला उन्हाळ्यात फुटलेली दुसरी पालवी पांढरीफटक पडलेली दिसते.