बारा आठवड्यांचा तक्ता आणि स्टार्टअपमधली इंटर्नशिप: माझा अनुभव

महाविद्यालयातल्या मुलांना उद्योजकता शिकवणारी इंटर्नशिप आखायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं होतं की कंपन्या मिळवतानाच दमछाक होणार. तसं काहीच झालं नाही. तीन आठवड्यांत आठ स्टार्टअप तयार झाले, जागांच्या तिप्पट अर्ज आले, प्राचार्यांनी पहिल्याच भेटीत होकार दिला. घोडं अडलं ते एका तक्त्यापाशी. त्या तक्त्यापायी मुलांची एक अख्खी तुकडी वाया गेल्यासारखी झाली. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहून काढतेय.

तक्ता दिसायला साधा. डावीकडे आठवडा १ ते १२, मधे ‘विद्यार्थ्याने करावयाचे काम’, मग ‘तास’, शेवटी ‘पर्यवेक्षकाची सही’. इंटर्नशिपला क्रेडिट (पदवीत धरले जाणारे श्रेयांक) हवं असेल, तर प्रत्येक विद्यार्थ्याचा तक्ता आधी भरून मंजूर करून घ्यायचा, असा नियम. कारखान्यातल्या प्रशिक्षणाला हे शोभतं. काम आणि शिक्षण यांची सांगड घालायची कल्पना जुनीच आहे. हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या मुलांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. पण कारखान्यातलं काम ठरलेलं असतं. नव्या कंपनीत ते ठरायचंच असतं, आणि ते कसं ठरतं हे बघायलाच तर मुलांना तिथे पाठवायचं.

एका स्टार्टअपच्या फाउंडरला, म्हणजे संस्थापकाला, मी तक्ता दाखवला. तो म्हणाला, “मॅडम, नवव्या आठवड्यात आम्ही काय करत असू हे मलाच माहीत नाही. तुमच्या विद्यार्थिनीला कुठून सांगू?” मला ते पटलं. मी चार आठवडे भरले आणि पुढे ‘कंपनीच्या गरजेनुसार’ असं लिहून फाइल पाठवली. तेवीस दिवसांनी फाइल परत आली. शेरा एकाच शब्दाचा: ‘अपूर्ण’.

मग मी चूक केली. सत्र सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते, म्हणून बाराही रकाने मनानेच भरले. बाजार सर्वेक्षण, स्पर्धकांचा अभ्यास, विक्री अहवाल, सादरीकरण. हे मात्र नऊ दिवसांत मंजूर झालं.

त्याचं फळ सहाव्या आठवड्यात दिसलं. एका कंपनीने चौथ्या आठवड्यात ग्राहकच बदलला. दुकानदारांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर दुकानदार वापरेनात, घाऊक व्यापारी मात्र स्वतःहून विचारत होते. आमची विद्यार्थिनी त्या सगळ्या चर्चेत बसलेली होती. दुकानदारांचे फोन तिनेच केले होते, ‘त्यांना हे नकोय’ हे पहिल्यांदा तिनेच सांगितलं होतं. उद्योजकता याहून वेगळी काय असते? पण तपासणीला आलेल्या पर्यवेक्षकांनी सही नाकारली, कारण तक्त्यात लिहिलं होतं ‘दुकानदारांना झालेल्या विक्रीचा अहवाल’. ती दिवसा कंपनीचं खरं काम करायची आणि रात्री घरी बसून मंजूर झालेला खोटा अहवाल लिहायची. तिला गुण मिळाले ते त्या अहवालाचे. ग्राहक बदलण्याच्या निर्णयाची नोंद आमच्या कागदांत कुठेच नाही. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं, कारण ते रकाने मीच भरले होते.

पुढच्या वर्षी ठरवलं की तक्ताच बदलून घ्यायचा. अर्ज दिला. उत्तर आलं: नमुना नियमावलीच्या परिशिष्टात आहे, बदलायचा तर विषय विद्वत परिषदेपुढे (अभ्यासक्रमाचे निर्णय घेणाऱ्या मंडळापुढे) जावा लागेल. परिषदेची बैठक नुकतीच झालेली, पुढची सत्र संपल्यावर. मी टिपण लिहिलं, स्मरणपत्र दिलं, दुसरं स्मरणपत्र दिलं. चार वेळा जाऊन मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या बाकावर बसले. एकदा फाइल सापडली नाही, एकदा सापडली पण सहीचे अधिकारी रजेवर. सगळं मिळून चार महिने गेले.

वाट निघाली ती त्याच कार्यालयातल्या एका कर्मचारी ताईंमुळे. त्यांनी माझं टिपण शांतपणे वाचलं आणि विचारलं, “रकान्याचं नाव बदलता येणार नाही. पण रकान्यात काम म्हणून काय लिहायचं, हे कुठे ठरवून दिलंय?” मी नियमावली पुन्हा वाचली. खरंच कुठेच नव्हतं.

त्या रात्री तक्ता नव्याने लिहिला. कामाच्या जागी प्रश्न आणि पुढे पुरावा. आठवडा २: हे काम ग्राहक आज कसं भागवतो? पुरावा, दहा मुलाखतींच्या नोंदी. आठवडा ५: ग्राहक सांगतो एक आणि करतो दुसरं, असं कुठे दिसलं? आठवडा ७: पैसे कोण मोजणार, वापरणारा की त्याचा मालक? आठवडा ९: कंपनीचं कोणतं गृहीतक खोटं ठरलं आणि त्यानंतर काय बदललं? कंपनी माल बदलो, ग्राहक बदलो, हे प्रश्न बदलत नाहीत. यात माझं नवीन फार काही नाही. अमेरिकी उद्योजक स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जो वर्ग सुरू केला, त्याचा गाभाच ‘इमारतीबाहेर पडा आणि ग्राहकाशी बोला’ हा आहे. मी फक्त तो सरकवला आमच्या रकान्यांत. एकोणीस दिवसांत मंजुरी आली. फाइल हातात घेऊन मी जिन्यातच थांबले आणि दोनदा वाचली.

असा कार्यक्रम आखणाऱ्यांसाठी आठवतील तशा काही गोष्टी.

फाउंडरकडून आठवड्यातला एक तास लेखी घ्या, वार आणि वेळेसकट. ‘अधूनमधून बोलू’ म्हणणारा फाउंडर तिसऱ्या आठवड्यानंतर सापडत नाही, आणि त्याचा हेतू वाईट नसतो. नुसतं स्टार्टअपमध्ये बसून उद्योजकता अंगात येत नाही. तिथेही याद्या भरायचं, फोन लावायचं कष्टाचं काम ढीगभर असतं आणि कामसू मुलाच्या वाट्याला तेच येतं. फाउंडरने एखादा निर्णय का घेतला, हे त्या एका तासात कळतं.

मुलांना एक छोटा निर्णय पूर्णपणे त्यांचा द्या. किती पैसे आणि किती दिवस गेले तरी चालतील, ते कंपनीने आधी सांगायचं. उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीवरून २००१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात हेच आहे: फायदा किती होईल याच्या आधी, परवडेल एवढा तोटा किती, ते ठरवायचं. आमच्या एका मुलाने आठ दिवसांची चाचणी घेतली, ती फसली. ती का फसली याचं त्याने लिहिलेलं दीड पान मी पुढच्या तुकडीला वाचायला देते.

करारातलं गोपनीयतेचं कलम सुरुवातीलाच वाचा. हे खरं तर मी आधी सांगायला हवं होतं. कंपनीला काहीच बाहेर जायला नको असतं आणि तोंडी परीक्षेत मुलाला सगळं सांगावं लागतं. ग्राहकांची नावं आणि आकडे झाकून अहवाल चालेल, असं एक वाक्य दोन्ही बाजूंकडून करारात घालून घ्या. मुलाने बनवलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, तेही त्याच बैठकीत.

एका कंपनीत एकटा विद्यार्थी पाठवू नका, दोघे पाठवा. कंपनी मधेच बंद पडू शकते. आमची एक आठव्या आठवड्यात पडली. तक्त्यात प्रश्न असल्यामुळे त्या दोघांनी उरलेले चार आठवडे ‘हे का चाललं नाही’ याच्या मुलाखती घेतल्या. फाउंडरने स्वतः तीन तास दिले. मूल्यमापनात त्यांचे गुण सर्वांत जास्त होते, आणि या वेळी ते त्यांच्या खऱ्या कामाचे होते.

विद्यावेतन थोडं का होईना, असू द्या. फुकट मिळालेल्या मुलासाठी कंपनी वेळ काढत नाही.

आणि मंजूर प्रत हातात आली की प्रत्येक पानावर शिक्का आहे ना, ते तिथेच उभं राहून बघा. आमच्या तीन प्रतींवर नव्हता, त्यात आणखी एक आठवडा गेला.