बेंचवर दोन सर
आज नागपाड्याला बास्केटबॉलच्या मॅचची स्कोअरशीट लिहायला बसले होते. एका संघाचे दोन सर, म्हणजे प्रशिक्षक, दोघेही उभे, दोघेही रेफरीशी बोलणार! रेफरीने आवाज न चढवता शीट मागितली. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाप्रमाणे मुख्य प्रशिक्षकाचं नाव सामन्याच्या किमान ४० मिनिटं आधी द्यायचं, १० मिनिटं आधी त्यानेच सही करायची. दुसरे सर म्हणजे पहिले सहायक प्रशिक्षक. तेही उभे राहू शकतात, पण एका वेळी एकच. वयाने मोठे सर खाली बसले, जरा नाराजीनेच.

मला त्या रेफरीचं फार कौतुक वाटलं. बेंचवरच्या बेशिस्तीचा टेक्निकल फाउल मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर चढतो, मग तो कोण हे स्पष्ट नको? आणि दोघेही नसतील तर कप्तानच प्रशिक्षक. मॅचनंतर पोरींना हे सांगितलं, तर त्यांची कप्तान टाइमआउट कसा मागायचा ते विचारत बसली.