चेतकचा रंग, नोंद तिसरी: डिकीची बाजू

घरची जुनी बजाज चेतक स्कूटर मी नीट करतो आहे. गेल्या नोंदीत लिहिलं होतं की रंगातले दोष नुसते घोटून, म्हणजे बारीक पेपरने घासून, सगळ्या गाडीवरून निघतील. ते अर्धंच खरं ठरलं.

इंजिनचं कव्हर मात्र सुंदर निघालं. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा होता तिथे. कडांवर रंग पातळ असतो म्हणून आधी कडांना टेप लावली. मग रबरी ठोकळ्यावर १००० नंबरचा पाण्याचा पेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक), साबणाचं पाणी, पुढे १५००, २००० आणि शेवटी रबिंग कंपाउंड. पुढच्या पत्र्यावरचे दोन ओघळ ८००च्या पेपरच्या बारीक पट्टीने, फक्त फुगलेल्या भागावरच घासले. आता उन्हात उभी केली की हँडलचं प्रतिबिंब सरळ दिसतं.

डिकीच्या बाजूला तांदळाएवढे फुगे होते. घोटायला घेतलं आणि एक फुटला, आत पाणी. मग थिनरचा बोळा घासून पाहिला. मरून रंग लगेच बोळ्यावर उतरला. इंजिनच्या कव्हरच्या आतल्या कडेला तोच बोळा कोरा राहिला होता. म्हणजे बाकी गाडीला पीयू (पॉलियुरेथेन), हार्डनर हे रसायन मिसळून कडक होणारा, थिनरला दाद न देणारा रंग, आणि या एका बाजूला एनसीचा (नायट्रोसेल्युलोजचा), थिनरने विरघळणारा टच-अप. कोणी रंगवायला घेईल त्याने ही थिनरची चाचणी आधी करावी. मी ती दोन आठवडे उशिरा केली.

पटाशी घातली तर पुट्टीची (खड्डे भरायच्या लांबीची) अख्खी खपली सुटून हातात आली, चांगली तीन-चार मिलिमीटर जाड. तिची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत! जुना रंग न घासताच पुट्टी थापलेली, त्यामुळे तिला धरायला काही नव्हतंच. शिवाय ती पाण्याने घासलेली असावी. पुट्टी पाणी पिते, ते नीट वाळायच्या आत वर रंग चढला की फुगे येणारच. पुट्टी कोरडीच घासायची, धूळ उडाली तरी.

खपलीखाली कंपनीचा मूळ फिकट निळा रंग होता. अण्णा चहा घेऊन पार्किंगमध्ये आले, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे, हीच आपली गाडी." १९८९ साली हाच रंग घेऊन ती नाशिकला पंचवटीत आली होती.

मला तो सगळा खरवडायचा नव्हता, गरजही नव्हती. घट्ट बसलेला जुना रंग हा उत्तम पाया असतो. ३२०च्या पेपरने त्याची चकाकी मारली. गंजाचे चार ठिपके तेवढे ८०ने पत्र्यापर्यंत नेले आणि त्याच दुपारी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) दिला. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर पुन्हा गंज धरतो.

थंडीत रंगकाम कसं करायचं ते विचारलं होतं काहींनी. सध्या निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येत आहेत, आपल्याकडेही सकाळी पत्रा बर्फासारखा असतो. थंडीत हार्डनर नीट पकडत नाही, म्हणून मी बारा ते तीनमध्येच हात मारतो. पीयूचा शेवटचा कोट घरी देणार नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, धुळीच्या मास्कने ते अडत नाही. त्यासाठी अंबडला मित्राचा बूथ (रंग फवारायची बंद खोली) मिळाला आहे.

रविवारी सरफेसर (घासून सपाट करायचा प्रायमरचा जाड थर) दिला, खोलगट जागा कळाव्यात म्हणून वर काळ्या स्प्रेचा हलका भुरका मारून ठोकळ्याने घासला. सगळीकडचा काळा गेला, खालच्या गोलाईत तळहाताएवढा राहिला. तिथे खड्डा आहे. पुढच्या रविवारी तिथे पुट्टीचा पातळ हात.