पाटाच्या कडेने

आज अटलांटिकमधल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावर पाटाच्या कडेने चार तास चाललो. इथे त्याला ‘लेवादा’ म्हणतात. एका बाजूला ओला कातळ, दुसरीकडे दरी. समोरून कुणी आलं की पोट आत घेऊन उभं राहायचं! १४२०च्या सुमारास पोर्तुगीज इथे वसले आणि पुढे उसासाठी हे पाणी डोंगरातून फिरवलं. राबायला कॅनरी बेटांवरून, आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. मदेरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये लाकूड. त्यातलं बरंचसं साखरेच्या भट्ट्यांनी खाल्लं. शेजारच्या पोर्तो सान्तो बेटावर पेरेस्त्रेलोने (कोलंबसाचा सासरा, बरं का!) ससे सोडले, त्यांनी पिकं फस्त केली. संध्याकाळी उसाच्या दारूचा ‘पोंशा’ घेतला. गोड, आंबट, घसा जाळणारा. गुडघे अजून बोलतायत.