कुठला हात?

शाळेच्या आठवणी लिहायच्या म्हटल्यावर सहली, स्नेहसंमेलनं, दहावीचा निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. शाळेत लस टोचायला यायचे, त्या दिवसांबद्दल मी लिहितो.

आरोग्य खात्याची जीप गडग्यापाशी थांबली की मी मागच्या माडांत पसार. शिपाई शोधून आणायचे, दोघे हातपाय धरायचे आणि मी गुरासारखा ओरडायचो. पोरं भागूबाई म्हणायची. वास्तविक साकवावरून खाडीत उडी मारायला पहिला मीच असे, फक्त सदरा काढत नसे.

सदऱ्याखाली टाक्यांची रेघ होती. १९६८ साली, दीड महिन्याचा असताना, जठराचं आतड्याकडचं तोंड जाड होऊन बुजत आलेलं. प्यायलेलं दूध लांब उडायचं. मालवणहून बोटीने भाऊचा धक्का, तिथून इस्पितळ. तो जाडावलेला स्नायू चिरायचा आणि आतलं अस्तर शाबूत ठेवायचं, ही रामश्टेट या जर्मन डॉक्टरची १९१२ पासूनची रीत. तिनेच मी वाचलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आईला भेटीच्या वेळेपुरतंच आत सोडत, आणि सलाईन निघू नये म्हणून माझे हातपाय पाळण्याला बांधलेले असत. आजी म्हणे, "दीड म्हयन्याचा पोर, तेका काय कळतला?"

डॉक्टरांचंही पुष्कळदा तेच मत होतं. तान्ह्यांना वेदना फारशा जाणवत नाहीत असं धरून भूल जेमतेम द्यायची, हालचाल थांबवणारं औषध मात्र द्यायचं, असं अनेक ठिकाणी चाले. इंदूरला शिकलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांचं ऑक्सफर्डमधलं संशोधन १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि हा समज हलला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत नीट भूल दिली तर पुढची गुंतागुंत कमी होते, हे त्यांनी दाखवलं. हे मी चाळिशीत वाचलं. प्रसंग आठवत नसला तरी धरून ठेवलं की अंग घाबरतं, एवढं मला त्याआधीच ठाऊक होतं.

पाचवीच्या वर्गबाईंनी यातलं काही वाचलेलं नसणार. त्यांनी मला रांगेत शेवटी ठेवलं, शिपायांना बाहेर पाठवलं आणि नर्सबाईंना म्हणाल्या, "ह्याला धरायचं नाही." मग मला विचारलं, "कुठला हात?" मी डावा पुढे केला. थरथरत होतो, पण पळालो नाही.

अजूनही रक्त तपासायला गेलो की प्रयोगशाळेतल्या मुलीला आधीच सांगतो, मनगट पकडू नका, हात मी देतो. शाळेत आता दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. माडांत पळणारं एखादं पोर निघालंच, तर गुरुजी, त्याला शेवटी ठेवा.